जिल्ह्याची हद्द राज्याची सीमा झाली तेव्हा

सावनेर सोडून छिंदवाड्याच्या वाटेने उत्तरेस निघालेल्या प्रवाशाला महाराष्ट्र कोठे संपला हे जमिनीवरून कळत नाही. ते कळते रस्त्याकडेच्या पाट्यांवरून. काळी माती तीच, कपाशी आणि तूर तीच, संत्र्याच्या बागा त्याच आणि बाजारातली बोलीही तीच. पोळ्याला बैल सजतात ते दोन्हीकडे, आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार पाहावयास माणसे जातात तीही दोन्हीकडून. सौंसरची लेक सावनेरला नांदते, सावनेरची पांढुर्ण्याला. बदलतो तो माणसाच्या हातातला कागद. इकडे सातबारा, तिकडे खसरा. इकडे मराठीतील अर्ज, तिकडे हिंदीतील. इकडचे सरकार मुंबईत, तिकडचे भोपाळात.

ही रेघ कोणी आखली, ती कशासाठी होती आणि तिची किंमत आज कोण मोजतो, हा प्रश्न केवळ भाषिक अस्मितेचा नाही. वसाहतकाळातील हद्दींनी एका समाजाचे दोन वा अधिक तुकडे केले, की त्या समाजाच्या आर्थिक वाटचालीचे काय होते, हा जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत कसून अभ्यासलेला विषय आहे. त्याची उदाहरणे बहुधा आफ्रिकेतून दिली जातात. परंतु त्याचे एक लहानसे, बोलके उदाहरण नागपूरपासून दोन तासांच्या अंतरावर पडलेले आहे.

महसुलासाठी आखलेली रेघ

या मुलखाचा इतिहास मुळात एकच आहे. आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातील देवगड ही गोंड राजांची राजधानी होती. त्याच घराण्यातील बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये नागपूर वसविले. डोंगरावरचे देवगड आणि पठाराखालचे नागपूर ही एकाच राज्याची दोन टोके होती. अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य रघूजी भोसल्यांच्या हाती गेले, तरी मुलूख अखंडच राहिला. तिसऱ्या रघूजीच्या निधनानंतर १८५४ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली.

प्रांत झाला की जिल्हे आले, जिल्हे आले की तहसिली आल्या. सातपुड्याच्या पायथ्याची, कपाशीच्या काळ्या मातीची आणि मुख्यतः मराठी बोलणारी सौंसर तहसील छिंदवाड्यास जोडली गेली; तिच्या दक्षिणेचा प्रदेश नागपूर जिल्ह्यात राहिला. साऱ्याची मागणी, कलेक्टरचा दौरा आणि खजिन्याची सोय पाहणाऱ्या राज्यकर्त्यांना रयत कोणती भाषा बोलते याचे फारसे सोयरसुतक नव्हते. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. या रेघेने त्या काळी फारसे काही तोडलेही नाही. दोन्हीकडे मालगुजारीची तीच पद्धत होती, कायदा तोच होता आणि वरिष्ठ कचेऱ्या नागपुरातच होत्या. सौंसरच्या माणसाला वरच्या कामासाठी जावे लागे ते नागपूरला, आणि सावनेरच्या माणसालाही तेथेच. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने असलेली सावनेरची कापूस बाजारपेठ अशाच काळात नावारूपाला आली. नागपूरहून सावनेर-सौंसरमार्गे छिंदवाड्याला जाणारी अरुंद मापाची रेल्वे घालण्यात आली तीही हा सारा मुलूख एकच व्यापारी प्रदेश आहे असे धरून.

वसाहतीची हद्द तेवढी वाईट, असे म्हणून मोकळे होता येत नाही ते यामुळेच. ही रेघ इंग्रजांनी ओढली; पण तिची भिंत झाली ती इंग्रज गेल्यावर.

एका रात्रीत बदललेला अर्थ

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यांची फेरमांडणी करताना आयोगाने काही अपवाद वगळता जिल्हा हाच मूळ घटक मानला. कारभाराच्या दृष्टीने ते सोयीचे होते. प्रत्येक गावाची भाषा पाहून रेघ ओढू गेले असते तर कामाला अंत राहिला नसता. परंतु या सोयीचा परिणाम असा झाला की शंभर वर्षांपूर्वी महसुलासाठी पडलेली हद्द भाषेची हद्द म्हणून स्वीकारली गेली. छिंदवाडा जिल्हा समग्र पाहता मराठी नव्हता, म्हणून त्यातील मराठी तहसीलही त्याच्याबरोबर गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. नागपूरची राजधानी गेली, आणि सौंसरला नवी राजधानी मिळाली ती सातपुड्यापलीकडे, सुमारे तीनशे किलोमीटरवर. नागपूर मात्र सौंसरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच राहिले. आजारी माणूस आजही तिकडून नागपूरच्याच रुग्णालयांत येतो आणि संत्र्याच्या गाड्या कळमन्याच्याच बाजाराकडे वळतात.

गोंडांच्या वाट्याला याहून कठीण प्रसंग आला. मराठी माणसाला निदान कोठेतरी मराठी राज्य मिळाले. ज्यांनी नागपूर वसविले त्यांची भाषा राज्याच्या आधारासाठी विचारातही आली नाही. आज गोंड समाज महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणा अशा अनेक राज्यांत विखुरलेला आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदविली. ही संख्या एकत्र असती तर पाठ्यपुस्तके, शिक्षक आणि छापखाना यांचा खर्च परवडण्याजोगी बाजारपेठ सहज उभी राहिली असती. चार ठिकाणी वाटली गेल्याने ती प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य ठरते. एकीकडे देवनागरी, दुसरीकडे तेलुगू लिपी, आणि मुलाच्या हाती पुस्तक कोणतेच नाही.

दोन भाव

राज्यसीमा म्हणजे दोन विधिमंडळे, आणि दोन विधिमंडळे म्हणजे एकाच पिकाला दोन कायदे. याचा सर्वांत ढळढळीत अनुभव या भागाने कापसाच्या बाबतीत घेतला. महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून अमलात आणली. व्यापाऱ्यांच्या लुटीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी हा तिचा हेतू प्रामाणिक होता. शेतकऱ्याने आपला कापूस शासनाच्या खरेदी केंद्रावरच द्यावयाचा, खाजगी व्यापाऱ्याला विकावयाचा नाही, असा दंडक झाला. रेघेच्या पलीकडे मात्र खुला बाजार होता.

अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही पुढे काय होईल ते सांगू शकेल. ज्या वर्षी बाजार तेजीत असे त्या वर्षी महाराष्ट्रातला कापूस रात्रीच्या वेळी सीमेपार जाई. ज्या वर्षी बाजार पडे आणि हमीभाव वर राही त्या वर्षी पलीकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. तेजीत योजनेला माल मिळेना आणि मंदीत तिला परका माल घ्यावा लागे, असा तिचा दोन्ही अंगांनी तोटा झाला. आपल्याच शेतातला कापूस आपल्याच मेहुण्याच्या गावी विकणारा शेतकरी कायद्याच्या भाषेत तस्कर ठरला. मधल्या मध्ये नाक्यावरचे आणि नाका चुकविणारे, असे दोघेही गब्बर झाले. पुढे या शतकाच्या आरंभी ती एकाधिकारशाही संपली, परंतु धडा शिल्लक आहे. एकजिनसी प्रदेशाच्या मधोमध दोन भाव उभे केले, तर तो फरक शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. तो फरक ओलांडून देणाऱ्याच्या खिशात जातो.

कर्जमाफीचेही तसेच. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ती जाहीर केली, मध्य प्रदेशाने २०१८ च्या डिसेंबरात, महाराष्ट्राने पुन्हा २०१९ मध्ये. पावसाने दगा दिला तो दोन्हीकडे एकाच हंगामात. दिलासा मात्र निवडणुकांच्या पंचांगानुसार वेगवेगळ्या साली मिळाला.

पाण्याची कथा आणखी गंभीर आहे. पेंच आणि कन्हान या दोन्ही नद्या मध्य प्रदेशात उगम पावून नागपूर जिल्ह्यात उतरतात. पेंचवरील तोतलाडोह प्रकल्प दोन्ही राज्यांच्या करारातून झाला; तेथील १६० मेगावॅट विजेचे दोन हिस्से मध्य प्रदेशाला व एक महाराष्ट्राला, असे वाटप ठरले. परंतु वर चौराई धरण बांधले गेल्यावर तोतलाडोहात येणारे पाणी रोडावले. २०१९ च्या जुलै महिन्यात नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी घेण्याची वेळ आली आणि रामटेक-पारशिवनीकडील शेतकऱ्याला कालव्याकडे पाहत बसावे लागले. आपल्या वाट्याचे पाणी अडविले हे मध्य प्रदेशाचे म्हणणे आणि ताटातले गेले हे नागपूरचे म्हणणे, यांपैकी कोणाचे खरे हा वाद करारपत्रे पुढे करून चालू शकेल. पण संपूर्ण खोऱ्याकडे एक म्हणून पाहणारी व्यवस्था नाही, ही वस्तुस्थिती त्या वादाने झाकत नाही.

दोन दाखले

सर्वांत खोल जखम मात्र दाखल्याची आहे. १९७६ पूर्वी अनुसूचित जमातींच्या याद्यांना क्षेत्राचे बंधन होते. छिंदवाडा जिल्ह्यातील गोंड हा अनुसूचित जमातीचा गणला जाई. विदर्भात मात्र तो मान मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढ्याच तहसिलींतील गोंडांना होता. म्हणजे सौंसरचा गोंड आदिवासी आणि सावनेरचा त्याचा सख्खा आतेभाऊ आदिवासी नव्हे! स्वातंत्र्यानंतरची पहिली पंचवीस-तीस वर्षे, ज्या काळात शाळा, शिष्यवृत्ती आणि सरकारी नोकरी यांच्या बळावर एक पिढी शेतमजुरीतून बाहेर पडू शकली असती, ती या बाजूच्या गोंडांची अशी गेली. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधन उठविले. गेलेली पिढी परत आली नाही.

बंधन उठले तरी सीमा उरलीच. घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार जमातींची यादी ही त्या त्या राज्यापुरती असते. एका राज्यातील जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेल्यास त्याचा दर्जा त्याच्याबरोबर जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये सांगितले आणि २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. या न्यायामागील तर्क योग्य आहे; एका राज्यातील मागासलेपण दुसऱ्यात असेलच असे नाही. पण सौंसरची गोंड मुलगी सावनेरच्या गोंड घरात लग्न होऊन येते तेव्हा हा तर्क कोठे बसतो? जमात दोन्ही यादीत आहे, मागासलेपण दोन्हीकडे सारखेच आहे, फक्त तिचा दाखला उंबरठ्याबाहेर राहतो. शिक्षकभरती किंवा तलाठ्याची परीक्षा यांसाठी ती खुल्या गटातली ठरते. जमातींच्या पहिल्या यादीचा आदेश निघाला तो ६ सप्टेंबर १९५० रोजी, आणि वडिलोपार्जित वास्तव्याचा पुरावा मागितला जातो तो याच तारखेचा. त्या दिवशी सौंसर आणि सावनेर ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती!

आफ्रिकेचा धडा

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर युरोपीय सत्तांनी आफ्रिकेची वाटणी केली. मसाई केनिया आणि टांझानियात विभागले गेले, हौसा नायजेरिया आणि नायजरमध्ये, सोमाली तर चार-पाच सत्तांच्या अमलाखाली. स्टेलिओस मिकालोपुलोस आणि एलियास पापाइओआनू या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या विषयावर केलेले संशोधन प्रसिद्ध आहे. ज्या जमाती सीमांनी कापल्या गेल्या त्यांच्या प्रदेशात राजकीय हिंसाचार अधिक झाला, असा त्यांचा २०१६ सालचा निष्कर्ष आहे. त्याआधी २०१४ मध्ये त्यांनी उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांवरून एक वेगळी तुलना केली होती. एकाच जमातीचे दोन तुकडे चांगल्या आणि वाईट कारभाराच्या दोन देशांत पडले असता त्यांच्या विकासात सरासरीने फारसा फरक दिसला नाही. कारण राजधानीपासून अंतर वाढत जाते तसा देशाच्या कारभाराचा, चांगल्या काय किंवा वाईट काय, प्रभाव क्षीण होत जातो.

हा दुसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. सीमेवरचा माणूस दोन्ही राजधान्यांपासून दूर असतो. सावनेर मुंबईपासून आठशेंहून अधिक किलोमीटरवर आहे. राजधानीची चांगली धोरणे त्याच्यापर्यंत विरळ होऊन पोहोचतात. नाके, दाखले आणि मनाई मात्र त्याच्या दारातच उभ्या असतात. मध्य प्रदेशाने २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा केला तो कारभार जवळ यावा म्हणूनच. ते स्वागतार्हच आहे. तरीही जिल्हा कचेरी जवळ आल्याने नागपूर दूर राहण्याचे थांबत नाही.

आफ्रिकेत आणि येथे एक मोठा भेद आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. हौसा शेतकऱ्याच्या दोन बाजूंस दोन सार्वभौम राष्ट्रे आहेत, दोन चलने आहेत. सावनेर आणि सौंसर यांच्यावर घटना एक, संसद एक आणि सर्वोच्च न्यायालय एक. तेथे जे तहाने करावे लागते ते येथे कायद्याने करता येते. करता येत असून केले नाही, हा दोष मग इंग्रजांच्या माथी मारता येत नाही.

रेघ पुसावी काय?

चूक झाली असेल तर ती सुधारून सौंसर-पांढुर्णा महाराष्ट्रात आणावे, असे काही जण म्हणतील. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत हे सूत्र आंध्र-मद्रास सीमेच्या बाबतीत पाटसकरांनी वापरले होते आणि बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने तेच पुढे केले आहे. सूत्र न्यायाचे आहे. परंतु बेळगावचा अनुभवही डोळ्यांपुढे हवा. १९५६ पासूनचा तो वाद महाजन आयोगाच्या अहवालाने मिटला नाही, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही दोन दशके लोटली तरी प्रलंबित आहे. या काळात तेथील पिढ्यांनी आयुष्ये कडेलाच काढली. शिवाय कोणतीही नवी रेघ गोंडांना न्याय देऊ शकणार नाही. मराठीच्या सोयीने ओढलेली रेघही त्यांना कापीतच जाईल. मिश्र वस्तीच्या मुलखात निर्दोष सीमा ही कल्पनाच खोटी आहे.

खरा मार्ग निराळा आहे आणि तो आपण अंशतः चाललोही आहोत. १९७५ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी सावनेरच्या खाणी चालविते आणि छिंदवाड्याच्या पेंच-कन्हान खोऱ्यातील खाणीही चालविते. १९६२ पासूनची मॉइल नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज काढते तसे बालाघाटचेही. जमिनीखालच्या कोळशाला आणि मँगनीजला राज्यसीमा नाही, मग जमिनीवरच्या माणसालाच का असावी? २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराची नाकी उठली. रेघ तसूभरही हलली नाही, पण तिच्यावर अडकविलेला एक अडसर गेला. शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते. आयुष्मान योजनेचा लाभार्थी दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही उपचार घेऊ शकतो. सीमा न पुसताही तिचा जाच कमी करता येतो, याचे याहून वेगळे प्रमाण नको.

काय करता येईल

राहिलेली कामे मोजकी आहेत. पहिले दाखल्याचे. जी जमात दोन्ही शेजारी राज्यांच्या यादीत आहे आणि जिचा अर्जदार विवाहाने किंवा दीर्घ वास्तव्याने लगतच्या जिल्ह्यात आला आहे, त्याचा दर्जा मान्य करणारी तरतूद संसदेने करावी. त्याने कोणत्याही राज्याच्या यादीत नवी भर पडत नाही आणि दूरच्या स्थलांतरितांना वाट मोकळी होत नाही. दुसरे पाण्याचे. पेंच आणि कन्हानच्या पाण्याचे मोजमाप दोन्ही राज्यांनी एकत्र करावे आणि ते लोकांपुढे ठेवावे. पाणी वाटण्याआधी ते किती आहे यावर तरी एकमत हवे. तिसरे गोंडीचे. चार राज्यांनी मिळून प्राथमिक शाळेची पुस्तके तयार केली, तर एकेकट्या राज्याला न परवडणारे काम सहज परवडेल.

हे बोलावयाचे कोठे, हाही प्रश्नच आहे. राज्य पुनर्रचना कायद्याने परिषदा नेमल्या त्या अशाच प्रश्नांसाठी. पण महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत आहे आणि मध्य प्रदेश मध्य विभागीय परिषदेत. सावनेर आणि सौंसर यांना एकत्र बसविणारे टेबलच नाही. सुदैवाने दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती वापरण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. लागते ती एका पत्राची आणि ते लिहिण्याच्या इच्छेची. नागपूर आणि छिंदवाडा या दोन्ही ठिकाणच्या लोकप्रतिनिधींनी ती मागणी आपापल्या सरकारांकडे करावी.

नागपूर-छिंदवाडा अरुंद मापाची गाडी रूपांतरासाठी २०१५ मध्ये बंद झाली आणि आता त्याच मार्गावर रुंद मापाचा लोहमार्ग झाला आहे. लोखंडी रुळांनी हा मुलूख पुन्हा जोडला गेला. त्या गाडीने सौंसरहून सावनेरला येणाऱ्या लेकीच्या पिशवीतला दाखलाही तिच्याबरोबर रेघ ओलांडेल, एवढे जरी साधले, तरी दीडशे वर्षांपूर्वी कलेक्टरच्या सोयीसाठी पडलेली ती हद्द माणसाच्या गैरसोयीतून थोडी मागे सरेल.